मागची सीट

नवी मारुती घेऊन रविराज आणि त्याची बायको उज्वला ओझरहून फिरायला निघाले, तेव्हा रविराजची आई कुसाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. "आई, गाडीत जागा नाही गं," असं सांगून त्याने तिला घरीच ठेवलं. मागची सीट रिकामीच होती.

चांदवडच्या देवीपाशी फुलवालीने विचारलं, "म्हातारीला गाडीतच का बसवलं, दादा?" उज्वला हसली. रविराजला हसू आलं नाही.

नांदूरमधमेश्वरला पक्षी पाहून ते गाडीकडे परतले, तर तिथला चहावाला चिडलेला. "आजी लय वेळ उन्हात बसल्यात. घोटभर चहा तरी द्या त्यांना."

रविराजची मान खाली गेली. चहाचा ग्लास घेऊन तो गाडीपाशी आला. आत बघायचीही त्याला लाज वाटली, म्हणून खिडकीतून त्याने नुसता हात पुढे केला.

आतून कोणीतरी ग्लास हळूच काढून घेतला.