अप्पांचा शब्द

“गळ्यात शिव असल्यावर दंडात सुई कशाला?” पारावर बसलेला गुरुबसप्पा गळ्यातलं लिंग चाचपत म्हणाला. सगळा पार हसला. सिंधू नर्सबाईनं कॉलऱ्याच्या लसीचा डबा बंद केला. “उद्या एसटी येईपर्यंत हितंच हाय मी,” एवढं बोलून ती शाळेकडं मुक्कामाला गेली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उदगीरकडच्या या गावाला त्यातून नर्सबाई मिळाली, पाणी नाही. विहिरीत गाळ उरला होता. लोक तोच फडक्यानं गाळून पीत. उकळून प्या, म्हणून नर्सबाई दारोदार सांगत फिरली. लोक मात्र आधी बघून येत, अप्पाच्या, म्हणजे गुरुबसप्पाच्या घरी उकळतंय का. उकळत नव्हतं. मग गावातही कुणी उकळलं नाही. गुरुबसप्पाचं किराणा दुकान होतं, आणि गावाची अक्कल त्याच्याकडं ठेवायला दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको महादेवी त्याची पाठ चोळत होती. डाव्या दंडाला हात लागताच तो कळवळला. दंड लाल होऊन सुजला होता. मधोमध टोचल्याची खूण होती.

“हे काय वो?”

“परवा लातूरला गेलतो तवा घेतली सुई. बोंब मारू नको. गावात माझा शब्द हाय.”

“आन माझं? लेकरांचं?”

“तुमाला काय धाड भरलीय? घरातच तर असता.”

महादेवीनं लेकरांना हाक मारली. तो पारावर जाऊन बसला, तशी लेकरांना घेऊन तीही गेली. नर्सबाई डबा घेऊन तिथंच एसटीची वाट बघत होती. भर बैठकीत तिनं नवऱ्याची बाही वर सारली.

“बघा. ह्यांनी लातूरला चोरून सुई घेतलीया. आन तुमाला मरा म्हनून सांगायलेत.”

 महादेवीनं आपला दंड नर्सबाईपुढं धरला, मग लेकरांचे. तिच्यामागं कुणी उभं राहिलं नाही. सगळे अप्पाकडं बघत होते. तो मान खाली घालून बाही ओढत होता. आता याला जोड्यानं हाणतात, असं नर्सबाईला वाटलं.

दगडोबा उठला. नर्सबाईच्या मागच्या खेपेला अप्पाचं ऐकून त्यानं सुनेला सुई घेऊ दिली नव्हती. ती परवाच कॉलऱ्यानं गेली होती. तो थेट अप्पासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले.

“अप्पा, मग आमी घ्यावी का सुई?”