घरटी दोन बाया

“आत्या, रविवारी माजा पेपर हाय.”

“ठावं हाय.” सगुणाबाईंनी सुनेकडं न बघताच चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “इर्जिकीची आपली पाळी बी रविवारीच आलीया. घरटी दोन बाया.”

“मग मी काय दोन ठिकाणी मरू?”

“लावणीचं माजं मी बगते. तुजं तू बग.”

स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बी.कॉम.चा हा शेवटचा पेपर. पदवी हातात पडली तरच हिंजवडीचं ऑफिस तिला कायम करणार होतं. पेपर बुडाला तर वर्ष गेलं, नोकरीही गेली. तीन वर्षं तिनं कंपनीच्या बसमध्ये डुलक्या आवरत पुस्तकं वाचली होती, मैत्रिणींची लग्नं बुडवली होती. आणि ऐन परीक्षेत सासूबाई काय करत होत्या? पंधरा दिवस रोज पहाटे पाचलाच लोकांच्या शेतावर पसार. चहा, डबे, म्हशीची धार, सगळं सुनेच्या गळ्यात. बाकीच्या बायका आठला निघायच्या. हिलाच कसली एवढी घाई? घरचं काम टाळायची बरी युक्ती!

इर्जिकीचा कोळवण गावातला नेम सरळ होता. प्रत्येक घरातल्या दोघींनी भातलावणीला सगळ्यांच्या शेतात राबायचं. मग त्या सगळ्या तुमच्या शेतात येणार. स्नेहल एकाही शेतात गेली नव्हती. आता चारचौघींत आपलं नाक कापायला म्हातारी टपलीय, याबद्दल तिला शंका उरली नाही. नवरा निरंजन ‘आईला विचार’ म्हणून मोकळा झाला.

रविवारी सकाळी बावधनच्या परीक्षा केंद्रावर जायला ती एसटीच्या थांब्यावर उभी होती. स्नेहलच्या घरच्याच शेताकडं निघालेला बायकांचा घोळका समोरून गेला.

“निघाली का सायबीण?” शेजारची आशालता म्हणाली. बाकीच्या हसल्या.

ते हसणं स्नेहलच्या जिव्हारी लागलं. जन्मभर हेच ऐकायचं? घ्या, करा एकदाचं माझं वाटोळं! एसटी आली आणि गेली. स्नेहलनं घरी येऊन पर्स भिरकावली, जुनी साडी खोचली, प्लॅस्टिकची खोळ डोक्यावरून ओढली आणि रांगेच्या टोकाला चिखलात उतरली. कुणाशी बोलली नाही. रागाच्या भरात ती अशी रोपं खोचत सुटली की बाजूची बाई मागं पडली.

साडेदहाला सगुणाबाई पलीकडच्या वाफ्यावरून न्याहारीची पाटी घेऊन बांधावर आल्या. त्यांची बोटं चिरलेली होती, पण आवाज खणखणीत होता.

“बायांनो, आता आमच्या घराला कुनी नाव ठिवायचं न्हाई. माज्या वाटची लावणी दिसा केली, सुनंच्या वाटचं म्हून लावणीची रोपं पहाटं उपटून दिली. पंधरा दिस! ती तिकडं बिनघोर पेपर लिवतीया.”

मग भाकरी वाढायला म्हणून त्यांनी वाकलेल्या पाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“आगं, वीसच बाया यायच्या हुत्या. ही एक जास्तीची कुनाच्या घरची?”