तात्यांचा टेस्टर

कुमुदिनीच्या पणजोबांनी रस्त्यावरचे कंदील लावले, आजोबांनी लग्नांना पेट्रोमॅक्स पुरवल्या, वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, अर्ध्या कराडला वीज जोडून दिली. कुमुदिनीने हाकेसरशी लागणारे दिवे घरात स्वतःच बसवले, तेव्हा तात्या गरजले, "नऊ वर्षांची असताना वायरला चिकटली होतीस. मी सोडवलं म्हणून वाचलीस." त्या दिव्यांशी ते चकार शब्द बोलेनात.

एका दुपारी घरभर दिवे लाल होऊन उघडझाप करू लागले. मदतीच्या हाकेची ती खूण होती. पण तात्या तर हाक मारणार नाहीत. आपलीच जोडणी चुकली असे वाटून ती हादरून मेन स्विचकडे धावली, तोच न्हाणीघरातून क्षीण आवाज आला, "दिव्या रे, लेकीला बोलाव."

घसरून पडलेल्या तात्यांना तिने उचलून पलंगावर बसवले. त्यांनी उशाखालून जन्मभर वापरलेला टेस्टर काढला.

"तेव्हा मी तुला सोडवलं, ते आज फिटलं, पोरी. धर, हा आता तुझा."