तसाच दुसरा कॅमेरा

कॅमेरा हरवला आहे हे सुदामला मंगळवारी सकाळी कळलं. बायकोचा भाऊ चिमण याचा फोन आला होता.

"भावोजी, रविवारी येताना निर्मलाचा कॅमेरा आणा. तिचा सगळा जीव त्याच्यातच."

सुदामने कपाट उघडलं. पलंगाखाली पाहिलं. मग त्याला आठवलं. शुक्रवारी वलसाडला जाताना निर्मलाने कॅमेऱ्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली होती. "एवढा सांभाळा," म्हणाली होती. परतताना गडबडीत पिशवी गाडीतच राहिली असणार.

त्याने गाडीवाल्याला फोन लावला.

"काही नव्हतं भाऊ," गाडीवाला म्हणाला. "गाडी मी त्याच दिवशी धुतली."

मुलगी शितल दारात उभी राहून ऐकत होती. "पप्पा, सरळ सांगून टाका ना तिला. आई रागावली तरी किती वेळ रागावणार?"

"तिने एवढं एकच सांभाळायला दिलं होतं," सुदाम म्हणाला.

फोटोंचा प्रश्न नव्हता. ते शितलच्या लॅपटॉपवर होते. प्रश्न कॅमेऱ्याचा होता. रविवारी तो निर्मलापुढे ठेवायचा होता आणि तो तिचाच वाटायला हवा होता.

निर्मला गंजाडच्या शाळेत शिक्षिका. कॅमेरा तिने तीन वर्षांपूर्वी, २०१५ साली घेतला. मुठीत मावेल एवढा, किंमत बेचाळीस हजार. सुदाम मसोलीत दागिन्यांच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायचा. पोलादात केसाएवढी नक्षी कोरणारा माणूस सहसा कशाला चांगलं म्हणत नाही. तेव्हा त्याने कॅमेरा भिंगाखाली धरला, लेन्सची रिंग फिरवली, सांध्यांवरून नख फिरवलं. "हा मन लावून बनवलाय," तो म्हणाला.

निर्मला हसली होती. "तुमच्या तोंडून चांगलं ऐकायला बेचाळीस हजार लागले."

गुरुवारी तो बसने तलासरीला गेला. तिथल्या दिपक फोटोवाल्याकडे तेच मॉडेल विकायला आहे असं शितलने मोबाइलवर शोधून काढलं होतं. सुदाम दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला.

"आत या ना काका. बसा. चहा सांगतो."

"नको. चालत नाही सध्या."

"शुगर का? माझ्या बापालाही आहे."

सुदामने पायरीवरूनच कॅमेरा हातात घेतला. खिशातून भिंग काढलं. आधी स्क्रू पाहिले. डोकी शाबूत होती, म्हणजे कोणी उघडलेला नव्हता. रिंग फिरवली. प्रत्येक टप्प्यावर सारखाच आवाज, सारखाच जोर. वरचं झाकण धातूचं, जाड. सांध्यात नख शिरत नव्हतं. बॅटरीचं दार दहा वेळा उघडून बंद केलं. दहाही वेळा ते तसंच बसलं.

"काका, कॅमेरा बघताय की मुलगी?"

"मुलगी बघायला एवढा वेळ नव्हता लागला."

दिपक हसला. "मग? काय खोट निघाली?"

"काही नाही. चोवीस हजार सांगतोस, पण माल त्याहून जास्तीचा आहे. अजून दहा वर्षं चालेल."

"लोक भाव पाडायला खोट काढतात. तुम्ही उलटेच."

"खोट नाही हीच अडचण आहे," सुदाम म्हणाला आणि पैसे मोजून दिले.

शुक्रवार आणि शनिवार तो मशीनवर बसला. मशीन आठवडाभर बंदच होतं. शेजारची तुळशी भात-आमटीचं ताट उंबऱ्यावर ठेवून गेली. ते तसंच राहिलं. शितलने लॅपटॉपवर फोटो मोठा करून धरला. फोटोत निर्मला होती, तिच्या हातात कॅमेरा.

उजव्या कोपऱ्यावर पोचा होता, शाळेच्या पायरीवर पडला तेव्हाचा. सुदामने पंच घेतला आणि एकाच ठोक्यात तसा पोचा पाडला. असला माल त्याने आजवर आपल्या हाताने बिघडवला नव्हता. बटणाजवळचा ओरखडा त्याने सुईने ओढला. तो थोडा लांब झाला असं त्याला वाटलं.

"तेवढाच आहे, पप्पा."

अंगठा टेकायचा तिथलं काळं कातडं पांढरट झालेलं होतं. तीन वर्षांची झीज. त्याने पॉलिश पेपर आपल्या अंगठ्याला गुंडाळून पाहिला, पण त्याचा अंगठा रुंद होता.

"तुझा हात दे."

शितलचा अंगठा आईसारखाच होता. तिने कॅमेरा आई धरायची तसा धरला आणि तासभर हळूहळू घासत राहिली. सुदाम भिंगातून बघत होता.

"बस," तो म्हणाला.

तिने कॅमेरा लॅपटॉपवरच्या फोटोशेजारी धरला. आळीपाळीने दोन्ही पाहिले. मग म्हणाली, "मला नसतं ओळखता आलं."

"तू न ओळखून काय उपयोग? तिची नजर वेगळी. वर्गात मागच्या बाकावर कोण चिंच खातंय ते तिला फळ्याकडे तोंड करून कळतं."

"मग काय करायचं?"

"ठेवायचा. आणि गप्प राहायचं."

रविवारी सकाळी आठ वाजता ते डहाणूच्या खाडीवर पोचले. चिमण आधीच आला होता. त्याने कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला, पोच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "हाच. किती जपायची."

शितलने बापाकडे पाहिलं नाही.

सुदामने कॅमेरा निर्मलापुढे ठेवला. पोचा दिसेल असा वळवला. हात जोडले आणि काही न बोलता मागे सरकला. चिमणही मागे आला. सगळे वडाच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

भरती येऊन ओसरायला लागली. दुपारचे बारा वाजले, तरी निर्मलाच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता.