ओवीचे हुंदके

धैर्यशीलचा फोन दुपारी दोनला आला. सकाळी त्याची कमांडोंची तुकडी अतिरेकी लपलेल्या इमारतीत शिरल्यापासून त्याच्या बायकोने, हर्षलाने, घास घेतला नव्हता.

“बंदूक अडली,” तो म्हणाला. “अतिरेक्यावर नेम धरला, चाप ओढला, पण गोळी सुटेचना.”

आसपास लहान मुलाचं रडणं टिपलं की ही नवी बंदूक आपणहून अडून बसायची. बंदुकीला ते ओळखायला शिकवण्यासाठी जवानांच्या घरून मुलांच्या रडण्याचे आवाज मागवले होते. हर्षलाने मात्र लेकीचे, ओवीचे, दबके हुंदके पाठवले. खरं घाबरलेलं मूल भोकाड पसरत नाही, हे तिला ठाऊक होतं. “पोरीच्या हुंदक्यानं मला मारशील!” असं म्हणून तेव्हा धैर्यशील हसला होता.

“मग?”

“पडद्यामागं पोर होतं, मुसमुसत. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. तेवढ्यात आमच्यातल्या जगदाळेनं बाजूनं झडप घालून अतिरेक्याला पाडलं.”

“तुम्हाला लागलं नाही ना?”

“नाही गं.”

फोनमधून मुलाचं खणखणीत रडणं ऐकू आलं.

“अहो, आधी ते हेल्मेट काढा, तुमचा चेहरा दिसू दे त्याला. आणि पाणी पाजा त्याला, घोट घोट.”