एकादशी आणि गालाची कातडी

एकादशीची साबुदाणा खिचडी खाताना सासूबाईंनी स्वतःचाच गाल चावला आणि ऋजुताला आयती संधी मिळाली. लग्न होऊन वर्ष झालं तरी या घरात तिला अंडं उकडायची परवानगी नव्हती.

“आई, गालाच्या आतली कातडी रोज झिजते. ती आपण घासाबरोबर गिळतो आणि पचवतोही,” कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी ऋजुता शांतपणे म्हणाली. “म्हणजे रोज आपण स्वतःलाच थोडं थोडं खातो.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “अगंबाई! उपवासालासुद्धा?”

“उपवासाला काय सुट्टी असते? माणसाचं मांसच की हे, आई. मग माझ्या एका अंड्यानं असं काय बिघडणार आहे?”

उपवासाला जिरं चालतं, हळद चालत नाही, असे निकाल साऱ्या सोसायटीला देणाऱ्या सासूबाई विचारात पडल्या. ताटातली खिचडी निवत चालली. आता होकार येणार म्हणून ऋजुतानं मनातल्या मनात पातेल्यात पाणीही ठेवलं.

एकदम सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ताट पुढे ओढलं.

“माझा गाल म्हणजे घरचंच की. घरचं चालतं,” त्या म्हणाल्या. “ते अंडं काय तू घातलंस?”