डब्यावरचं नाव

"गाडी आपोआप पार्क होत होती, मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता," असं शेजारचे टिपणीस लेखी देतात. गाडीची कंपनी कळवते, "लक्ष ठेवणं मालकाचं काम." सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या गाडीखाली माझा पाय मोडून दोन महिने झाले आणि चूक म्हणे कोणाचीच नाही!

माझी केस चालवणाऱ्या वकीलबाई घरी आल्या. "टिपणिसांनी कधी माफी मागितली का?"

"छे! सॉरी म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांच्या वकिलाने बजावलंय. लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. वहिनी तेवढ्या त्यांच्या नकळत रोज दारात नाचणीच्या खिरीचा डबा ठेवून जातात."

वकीलबाईंचे डोळे चमकले. ओट्यावर धुऊन पालथा घातलेला स्टीलचा डबा त्यांनी उचलला. बुडाशी 'सौ. टिपणीस' कोरलेलं होतं. "हीच कबुली! डबा परत देऊ नका, कोर्टात दाखवू."

दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तावडीत सापडलं होतं. आणि सापडलं कोण, तर या सगळ्यांत जिला लाज वाटली ती एकटी बाई!

मी कुबडी टेकत उठले, डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यात रव्याचे लाडू भरू लागले. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत.

"चूक गाडीत शोधा, वकीलबाई," मी म्हटलं. "खिरीत शोधू नका."